हेतु आणि हत्यार

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंत "कारणें सांगा" हा प्रश्न आला नाहीं, असें सहसा घडत नाहीं. अमुक युद्ध कां पेटलें, तमुक साम्राज्य कां लयास गेलें, या जातीच्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येणें हेंच इतिहासज्ञानाचें लक्षण होय, असें आम्ही आजवर विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों. आणि तें खोटें आहे असें आम्हांस आजही म्हणावयाचें नाहीं. तथापि कांहीं प्रसंग असे येतात कीं, कारणाचा शोध पुरा होईपर्यंत हात जोडून बसणें हाच तेथें अपराध ठरतो. एखाद्या माणसानें बंदूक उचलावी, ओळख ना पाळख अशा कित्येक जिवांचा कांहीं क्षणांत संहार करावा, आणि मागें राहिलेल्या समाजानें "यानें असें कां केलें?" या एका प्रश्नाभोंवतीं महिनेच्या महिने घिरट्या घालाव्या, हें दृश्य गेल्या चाळीस वर्षांत पृथ्वीच्या अनेक भागांत दिसलें आहे. मारणाऱ्याचा हेतु कळल्यावांचून कायद्यानें पाऊल उचलावें कीं नाहीं, हा त्या प्रत्येक प्रसंगीं उपस्थित झालेला वाद होय. ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं हा वाद जितका उघड्यावर व जितक्या थोड्या अवकाशांत झाला, तितका क्वचितच कोठें झाला असेल. म्हणून मुख्यतः त्याच इतिहासाच्या आधारें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नांवाचें बेट आहे. त्याच्या आग्नेय टोंकास पोर्ट आर्थर येथें इंग्रज सरकारनें १८३० सालीं बंदिवानांची वसाहत स्थापिली. आपल्याकडे अंदमान हा शब्द उच्चारतांच जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तसेंच कांहींसें तेथील लोकांच्या मनांत या नांवानें उभें राही. १८७७ सालीं ती वसाहत बंद झाली; आणि कालांतरानें तिचे भग्नावशेष पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येऊं लागले. २८ एप्रिल १९९६ या दिवशीं रविवार होता व प्रवाशांची गर्दी होती. दुपारीं एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण तेथील उपाहारगृहांत आला, जेवला, आणि मग आपल्या पिशवींतून त्यानें एक अर्धस्वयंचलित बंदूक बाहेर काढली. सुमारें दीड मिनिटांत त्या एका इमारतींत २० माणसें मरून पडलीं. तेथून बाहेर पडून त्यानें वाटेंत भेटेल त्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जवळच्या एका जळत्या अतिथिगृहांतून तो बाहेर आला व पकडला गेला, तोंपर्यंत ३५ जीव गेले होते व २३ माणसें जखमी झालीं होतीं. मृतांत लहान मुलेंही होतीं. त्या मनुष्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें दिल्यानें वाचकांच्या ज्ञानांत कांहीं भर पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यानें हें कां केलें? या प्रश्नाचीं उत्तरें त्या दिवसांत थोडीं दिलीं गेलीं नाहींत. कोणी म्हणाले, त्या अतिथिगृहाची मिळकत विकत घेण्याची त्याच्या बापाची इच्छा सफल झाली नव्हती, आणि त्या जुन्या डंखापायीं प्रथम तेथील मालक पति-पत्नींचा बळी गेला. परंतु उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांचा त्या व्यवहाराशीं संबंध काय? कोणी म्हणाले, हिंसेनें भरलेल्या चित्रपटांनीं त्याचें डोकें फिरविलें. पण तेच चित्रपट लक्षावधि तरुणांनीं पाहिले होते. कोणी त्याच्या एकलकोंडेपणाकडे बोट दाखविलें, तर कोणी त्याच्या मंद बुद्धीकडे. त्याच्या आधीं अवघे सेहेचाळीस दिवस, १३ मार्च रोजीं, स्कॉटलंडांतील डनब्लेन गांवच्या शाळेंत एका माणसानें १६ चिमुकल्या मुलांस व त्यांच्या शिक्षिकेस ठार मारलें होतें. त्या बातमीनें याच्या मनांत कुप्रसिद्धीची हांव जागी केली, असेंही प्रतिपादन झालें. यांपैकीं प्रत्येक उत्तरांत कांहीं तथ्य असूं शकेल; पण एकही उत्तर त्या कृत्याएवढें मोठें नाहीं. नोव्हेंबरांत आरोपीनें गुन्हा कबूल केला, त्यामुळें साक्षीपुराव्यानिशीं खटला चाललाच नाहीं. तज्ज्ञांनीं त्याची बुद्धि अत्यंत तोकडी असल्याचें सांगितलें, परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो वेडा ठरला नाहीं. आणि २२ नोव्हेंबर १९९६ रोजीं त्यास पस्तीस जन्मठेपांची शिक्षा झाली. "कोणी" या प्रश्नाचा निकाल न्यायालयानें दिला. "कां" हा प्रश्न बहुतांशीं होता तेथेंच राहिला.

मात्र त्या देशाचा कायदा या निकालासाठीं थांबला नव्हता. तो बदलण्याचा निर्णय मे महिन्यांतच झाला होता. हें कसें घडलें, तें समजण्यास थोडें मागें जाणें अवश्य आहे.

१९८७ सालीं मेलबर्न शहरांत अशींच दोन हत्याकांडें झालीं होतीं. ऑगस्टांत हॉडल रस्त्यावर ७ माणसें मेलीं, आणि डिसेंबरांत क्वीन रस्त्यावरील एका कचेरींत ८ माणसांचा बळी गेला. ऑस्ट्रेलिया हें संघराज्य असून हत्यारांविषयींचा कायदा करण्याचा अधिकार तेथें मुख्यतः घटकराज्यांकडे आहे. एका राज्यानें कडक निर्बंध घातले, तरी शेजारच्या राज्यांत बंदूक सहज मिळत असेल, तर त्या निर्बंधांस अर्थ राहत नाहीं. धरणाची भिंत जेथें सर्वांत ठेंगणी असते, तेथूनच पाणी वाहतें. म्हणून त्या डिसेंबरांत सर्व राज्यांचे मुख्यमंत्री विचारविनिमयास एकत्र जमले. परंतु टास्मानिया व क्वीन्सलंड यांच्या विरोधामुळें एकमत झालें नाहीं. त्या सभेनंतर न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री बॅरी अन्सवर्थ यांनीं वैतागून असे उद्गार काढले कीं, टास्मानियांत हत्याकांड होईल तेव्हांच या देशांत बंदुकांचा कायदा सुधारेल. पुढें चारच महिन्यांच्या आंत निवडणुकींत त्यांचा पराभव झाला, व बंदुकांविषयींचें त्यांचें कडक धोरण हें त्या पराभवाचें एक कारण मानलें गेलें. त्यांचे शब्द मात्र साडेआठ वर्षांनीं अक्षरशः खरे ठरले. यावरून एवढें उघड होतें कीं, उपाय कोणता करावा याचें ज्ञान १९९६ पूर्वींही होतें. नव्हतें तें तो करण्याचें धैर्य.

हें धैर्य ज्यानें दाखविलें तो पुरुष त्या कामाचा भासण्यासारखा नव्हता. जॉन हॉवर्ड हे पुराणमतवादी पक्षाचे पुढारी होते. २ मार्च १९९६ च्या निवडणुकींत ते विजयी झाले होते, आणि त्यांचें सरकार ज्या नॅशनल पक्षाच्या सहकार्यानें चाललें होतें, तो खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांचा, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्यांचाच पक्ष होता. असें असूनही पोर्ट आर्थरच्या घटनेनंतर बाराव्या दिवशीं, १० मे रोजीं, त्यांनीं सर्व राज्यांच्या पोलीसमंत्र्यांस एकत्र बसवून एका करारास संमति मिळविली. कित्येक गोळ्या झपाट्यानें झाडणाऱ्या अर्धस्वयंचलित लांब बंदुका व तशाच जातीच्या छऱ्याच्या बंदुका सामान्य माणसांस बंद करण्यांत आल्या. प्रत्येक बंदुकीची नोंद आवश्यक ठरली. परवान्यासाठीं खरें कारण दाखवावें लागे, आणि "आत्मसंरक्षण" हें तसें कारण मानावयाचें नाहीं, असें स्पष्ट ठरलें. प्रत्येक खरेदीपूर्वीं अठ्ठावीस दिवस थांबण्याचा नियम झाला. ज्यांच्या बंदुका अशा रीतीनें बेकायदा ठरल्या, त्यांस सरकारनें योग्य किंमत दिली. त्याकरितां आरोग्यसेवेसाठीं उत्पन्नावर जो कर असे, त्यांत एका वर्षापुरती शेंकडा ०.२ ची वाढ करण्यांत आली. वर्षभरांत सुमारें साडेसहा लक्ष बंदुका लोकांनीं आणून दिल्या व त्या मोडून टाकण्यांत आल्या.

हें सारें सुखासुखी झालें असें मात्र कोणीं समजूं नये. १६ जून रोजीं व्हिक्टोरिया राज्यांतील सेल या गांवीं संतप्त बंदूकधारकांच्या सभेपुढें बोलावयास हॉवर्ड उभे राहिले, तेव्हां त्यांनीं कोटाखालीं गोळीप्रतिबंधक कवच घातलें होतें, व तें लोकांच्या दृष्टीस पडलें. आपल्याच देशबांधवांपुढें कवच घालून जाण्याची आपण चूक केली, असें त्यांनीं पुढें स्वतः कबूल केलें. नॅशनल पक्षाचे पुढारी व उपपंतप्रधान टिम फिशर यांस तर आपल्याच मतदारांच्या शिव्याशाप ऐकावे लागले. १९९८ सालीं क्वीन्सलंडच्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाचें राज्य गेलें, आणि नव्या वन नेशन पक्षानें ११ जागा पटकावल्या. या रोषांत बंदुकांच्या कायद्याचाही वांटा होता.

या विरोधकांचें म्हणणें काय होतें, तें सहानुभूतीनें ऐकलें पाहिजे. कारण तें मूर्खपणाचें नव्हतें. शेतकरी म्हणे, "माझ्या बापानें ही बंदूक वापरली, मी वापरतों. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांखेरीज तिनें कोणाचा जीव घेतलेला नाहीं. अपराध एका माथेफिरूनें केला. त्याच्या मनांत काय होतें तें शोधा, तसलीं माणसें हुडकून काढा. माझा हेतु शुद्ध असतां शिक्षा मला कां?" या प्रश्नांतील दुःख खरें आहे. निरपराध्यास झळ लागली हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आणि सरकारनें मोबदला दिला तो याच जाणिवेनें दिला. परंतु या युक्तिवादाच्या मुळाशीं एक गृहीत आहे: मनुष्याचा हेतु आधीं ओळखतां येतो, आणि दुष्ट हेतूचीं माणसें वेंचून काढणें शक्य आहे. हें गृहीत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं.

डनब्लेनचेंच उदाहरण घ्या. तेथील मारेकऱ्याच्या बंदुका चोरीच्या नव्हत्या; त्याच्याजवळ रीतसर परवाना होता. १९९१ सालींच एका पोलीस अधिकाऱ्यानें त्याच्या वर्तनाविषयीं शंका घेऊन परवाना काढून घ्यावा असें लेखी सुचविलें होतें. वरिष्ठांनीं तें मानलें नाहीं. चारित्र्याची परीक्षा झाली नव्हती असें नव्हे. परीक्षा झाली होती, आणि ती फसली होती. घटनेनंतर त्यानें आत्महत्या केल्यामुळें त्याच्या मनाचा ठाव कोणासच लागला नाहीं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनें त्याच्या आयुष्याचा धागान् धागा उलगडून पाहिला; आणि पिस्तुलांवर सरसकट बंदी न घालतां त्यांच्या वापरास व सांठवणीस मर्यादा घालण्याची शिफारस केली. पण लोकमत त्यापुढें गेलें. त्या मोसमांत फुललेल्या स्नोड्रॉप या फुलाचें नांव घेतलेल्या अर्जावर सात लक्षांहून अधिक सह्या झाल्या. आणि १९९७ सालीं दोन निरनिराळ्या सरकारांनीं एकामागून एक केलेल्या दोन कायद्यांनीं ग्रेट ब्रिटनमध्यें खाजगी पिस्तुलें जवळजवळ नाहींशीं झालीं.

हेतूचा शोध किती दूरवर नेला तरी तो रिकाम्या हातीं परतूं शकतो, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं लास व्हेगास येथें एका उंच हॉटेलाच्या खिडकींतून खालीं संगीतोत्सवास जमलेल्या हजारों लोकांवर एका मनुष्यानें गोळ्यांचा पाऊस पाडला, व नंतर आत्मघात केला. मृतांची अखेरची संख्या ६० झाली. पोलिसांनीं दहा महिने तपास केला, मध्यवर्ती गुप्तचर खात्याच्या मानसशास्त्रज्ञांनीं त्याहून अधिक काळ घेतला; आणि २०१९ च्या आरंभीं त्यांचा निष्कर्ष असा निघाला कीं, एकच एक असा स्पष्ट हेतु दाखवितां येत नाहीं. त्यानें बंदुकीस जी जोडणी लावून गोळ्यांचा वेग वाढविला होता, तिजवर २०१८ सालीं सरकारी नियमानें बंदी आली. परंतु मूळ कायद्यानें असा नियम करण्याचा अधिकार त्या खात्यास दिलेला नाहीं, म्हणून २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. हेतु हातीं लागला नाहीं, आणि हत्यारावरील नियमही टिकला नाहीं.

याउलट न्यूझीलंडचें उदाहरण पाहा. १५ मार्च २०१९ रोजीं ख्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत ५१ मुसलमानांस ठार मारणाऱ्यानें आपला हेतु लपविला नव्हता. लांबलचक निवेदन लिहून त्यानें तो जगजाहीर केला होता. तेथें "कां" हा प्रश्न उरलाच नव्हता. तरी सरकारनें काय केलें? तें निवेदन बाळगण्यास व पसरविण्यास मनाई केली. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनीं मारेकऱ्याचें नांव आपण उच्चारणार नाहीं असें पार्लमेंटांत सांगितलें. आणि १० एप्रिल रोजीं, सव्वीस दिवसांच्या आंत, ११९ विरुद्ध १ अशा मतांनीं बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका बंद करणारा कायदा संमत झाला. या मनुष्याजवळही परवाना होता. हेतु अज्ञात असो कीं सुप्रसिद्ध असो, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास तो वेळेवर दिसत नाहीं, हें या दोन टोंकांच्या उदाहरणांवरून पुरेसें स्पष्ट होतें.

येथें आमच्या वाचकांच्या मनांत एक शंका येणें साहजिक आहे. हत्यारांचा कायदा म्हटला कीं आपल्याकडील जुन्या पिढीस १८७८ सालचा लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील कायदा आठवे. त्या कायद्यानें हिंदी लोकांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि युरोपियनांस मात्र त्यांतून सूट मिळाली. हा राष्ट्राचा अपमान आहे, अशी तक्रार काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांपासून होत आली. मग आपण ज्यास जुलूम म्हटलें, त्याचीच इतरांच्या बाबतींत स्तुति कां करावी? आमचें उत्तर असें आहे कीं, शस्त्रबंदी ही स्वतः बरीही नाहीं व वाईटही नाहीं. ती कोणीं, कोणावर व कशासाठीं घातली, यावर सर्व अवलंबून आहे. १८७८ चा कायदा परक्या राज्यकर्त्यांनीं प्रजेच्या भीतीनें केला, आणि त्यांत त्वचेच्या रंगावरून माणसांचे हेतु ठरविले: गोऱ्याचा शुद्ध, काळ्याचा संशयित. ऑस्ट्रेलियाचा १९९६ चा कायदा लोकांनीं आपल्याच प्रतिनिधींकरवीं आपल्यावर घालून घेतला, आणि त्याचा मोठा गुण हाच कीं, तो कोणाच्याही हेतूविषयीं पूर्वग्रह धरीत नाहीं. स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा कायदा केला, तेव्हां परवान्याची पद्धति सोडली नाहीं, हेंही येथें लक्षांत ठेविलें पाहिजे.

या कायद्यानें साधलें काय? २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, पांच किंवा अधिक माणसें मेलेलीं हत्याकांडें १९९६ पूर्वींच्या अठरा वर्षांत १३ झालीं होतीं, आणि नंतरच्या दहा वर्षांत एकही नाहीं, असें दाखविण्यांत आलें. बंदुकीनें होणारे मृत्यु आधींपासूनच घटत होते, तेव्हां सारें श्रेय कायद्यास देऊं नये, असें दुसऱ्या कांहीं अभ्यासकांचें म्हणणें आहे, व तें विचारांत घेण्याजोगें आहे. शिवाय ही शांतता अभंग राहिली नाहीं. २०१८ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत ऑस्मिंग्टन येथें एकाच कुटुंबांतील सात माणसें गेलीं. आणि १४ डिसेंबर २०२५ रोजीं सिडनीच्या बाँडाय समुद्रकिनाऱ्यावर हनुका सणासाठीं जमलेल्या ज्यू लोकांवर गोळीबार होऊन १५ माणसें मारलीं गेलीं. ज्या पिता-पुत्रांवर हा आरोप आहे, त्यांपैकीं पिता तेथेंच पोलिसांच्या गोळीनें मेला. त्याच्याजवळ परवाना होता. लागलीच जुना वाद नव्या रूपानें उभा राहिला. सरकारनें कायदे अधिक कडक करण्याचें व पुन्हा बंदुका विकत घेण्याचें जाहीर केलें. तेव्हां अनेकांनीं म्हटलें कीं, खरा रोग ज्यूद्वेष हा आहे, बंदुकांची चर्चा ही त्यावर पांघरूण घालण्याची युक्ति आहे.

या आक्षेपापुढें आमच्या मतास एक मर्यादा घालून घेणें आम्हांस प्राप्त आहे. माणसें केवळ त्यांच्या धर्मासाठीं वा जातीसाठीं मारलीं जातात, तेव्हां हेतूविषयीं मौन धरणें हा त्या मृतांवर दुसरा अन्याय होईल. बाँडायचे मृत ज्यू म्हणून, ख्राइस्टचर्चचे मृत मुसलमान म्हणून लक्ष्य झाले, हें मोठ्यानें म्हटलेंच पाहिजे. आणि तो द्वेष कोठें पोसला जातो याचा शोध शाळांनीं, धर्मगुरूंनीं, वृत्तपत्रांनीं व इतिहासकारांनीं घेतलाच पाहिजे. पण तें काम पिढ्यान् पिढ्यांचें आहे, आणि बंदूक दीड मिनिटांत आपलें काम उरकते. द्वेषाची चिकित्सा व साधनाचें नियमन हीं दोन निरनिराळीं कर्तव्यें होत. एकाचें नांव पुढें करून दुसरें टाळणारा मनुष्य, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, बहुधा दोन्हीही टाळूं पाहत असतो.

इतिहास शिकविणाऱ्यास हें कबूल करणें थोडें जड जातें. कारण सांपडलें म्हणजे घटना समजली, आणि घटना समजली म्हणजे ती टळेल, अशी आमच्या व्यवसायाची भोळी श्रद्धा असते. परंतु अन्सवर्थ यांस १९८७ सालीं कोणाच्याही मनाचा तळ दिसला नव्हता. टास्मानियाच्या कायद्यांतील भगदाड तेवढें दिसलें होतें, आणि पुढील अनर्थ ओळखण्यास तेवढें पुरलें. पोर्ट आर्थर येथें त्या उपाहारगृहाच्या उघड्या भिंती आज एका स्मृति-उद्यानांत उभ्या आहेत, व शेजारीं एक शांत जलाशय बांधला आहे. त्या भिंती पाहणाऱ्यास "त्यानें असें कां केलें?" हा प्रश्न सुचेल, व त्याचें पुरें उत्तर त्यास तेथेंही मिळणार नाहीं. परंतु त्या माणसाच्या हातीं तसली बंदूक इतक्या सहज कशी आली, या प्रश्नाचें उत्तर ठाऊक होतें. आणि तें ठाऊक असतांना साडेआठ वर्षें गेलीं. "कारणें सांगा" या प्रश्नाखालीं विद्यार्थ्यांनीं पुढें हेंही एक कारण लिहावें, अशी आमची इच्छा आहे.